रेस दिली की गाडी थरथरते: बॅलन्सिंग करूनही परत येणाऱ्या थरथरीचं मूळ कसं शोधायचं

पिकअप घेताना गाडी थरथरते, पाय उचलला की शांत होते. गॅरेजमध्ये नेली की आधी व्हील बॅलन्सिंग होतं, मग अलाइनमेंट, मग प्लग बदलले जातात, आणि पंधरा दिवसांत थरथर पुन्हा जिथल्या तिथे. या तक्रारीत पैसे वाया जातात ते एकाच कारणाने: पार्ट आधी बदलला जातो आणि थरथर नेमकी कशाशी बांधलेली आहे हे कुणी तपासतच नाही.

ती तीन गोष्टींपैकी एकीशी बांधलेली असते. इंजिन आरपीएमप्रमाणे फिरतं. चाकं, डिस्क आणि ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाकांना फिरवणारे दांडे) गाडीच्या वेगाप्रमाणे फिरतात. आणि जॉइंट, इंजिन माउंटिंग, क्लच, इग्निशन कॉइल यांचा कस लागतो तो भार आल्यावर, म्हणजे रेस दिल्यावर किंवा चढावर. आरपीएम, वेग की भार, एवढं कळलं की निम्मं काम झालं. त्यासाठी लागतो अर्धा तास, मोकळा रस्ता आणि आकडे लिहून घ्यायला शेजारी बसलेला एक माणूस.

आधी रस्त्यावर

सपाट, मोकळ्या रस्त्यावर ज्या वेगाला थरथर येते तिथे गाडी न्या, समजा ८०. आता क्लच पूर्ण दाबा आणि रेस सोडून गाडी तशीच वाहू द्या. इंजिन बंद करू नका, ब्रेकची आणि पॉवर स्टीअरिंगची मदत जाईल. थरथर तशीच राहिली तर दोष टायर, रिम, डिस्क किंवा व्हील बेअरिंगकडे. लगेच थांबली तर बॅलन्सिंगच्या दुकानात जायचं कारण नाही.

मग तोच वेग दोन गिअरमध्ये धरून पाहा. ६० ला तिसरा गिअर, नंतर ६० लाच चौथा, दोन्ही वेळा सारखाच जोर देऊन. ठरावीक वेगालाच थरथर येत असेल, गिअर कुठलाही असो, तर शाफ्टकडे बघा. गिअर बदलल्यावर ती वेगळ्या वेगाला सरकली, पण आरपीएम तोच राहिला, तर इंजिनकडे.

तिसरी चाचणी गाडी उभी ठेवून. न्यूट्रलमध्ये २५०० ते ३००० आरपीएमपर्यंत हळूहळू रेस वाढवा. इंजिन इथेच अडखळलं तर शोध सोपा. पण इथे गुळगुळीत चाललं म्हणून इंजिन निर्दोष ठरत नाही. उभ्या गाडीत इंजिनवर भारच नसतो, आणि कमकुवत कॉइल अशा परीक्षेत अनेकदा पास होते. कॉइलची खरी परीक्षा खंबाटकी किंवा कसारा घाटाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये होते.

एक गोष्ट मात्र आधीच बाजूला काढा. चौथ्या गिअरमध्ये ३० च्या वेगाने जोरात रेस दिली तर चांगली गाडीही थरथरते, आणि तीन सिलिंडरची गाडी जरा जास्तच. तो बिघाड नाही, गिअर चुकलेला आहे. सगळ्या चाचण्या १८०० आरपीएमच्या वर करा.

फोनमधल्या सेन्सरवर चालणारं, कंपनांचं मोजमाप हर्ट्झमध्ये दाखवणारं एखादं अ‍ॅप असेल तर फारच उत्तम. हिशेब असा. १६५/८० आर १४ मापाच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर, म्हणजे ६० च्या वेगाला चाक सेकंदाला साडेआठ वेळा फिरतं. अ‍ॅपवर ८ ते ९ हर्ट्झ दिसलं तर चाक किंवा टायर. त्याच्या तिप्पट, २५ च्या आसपास दिसलं तर ड्राइव्ह शाफ्टचा गिअरबॉक्सकडचा, म्हणजे आतला ट्रायपॉड जॉइंट, कारण त्यात तीन रोलर असतात आणि एका फेऱ्यात तीन धक्के बसतात. त्या वेळी इंजिन २००० आरपीएमवर असेल आणि एक सिलिंडर काम करत नसेल तर १६ ते १७ येईल, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. फोन डॅशबोर्डवर घट्ट टेकवून ठेवा, हातात धरू नका.

मिसिंग: झटके, असमान थरथर, चेक इंजिन लाइट

झटके एका लयीत नसतील, गाडी ओढत नसेल, चढावर जोर कमी पडत असेल, तर मिसिंग आहे, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर पुढे ताणू नका. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं, तो तापून वितळतो, आणि कॉइलच्या कित्येक पट खर्च अंगावर येतो.

गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर हजार रुपयांच्या आसपास मिळतो आणि बीएस ६ च्या प्रत्येक गाडीत चालतो. पी ०३०० म्हणजे मिसिंग कुठल्या एका सिलिंडरला बांधलेलं नाही. पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे पहिला ते चौथा सिलिंडर. पी ०१७१ सोबत असेल तर मिश्रणात हवा जास्त किंवा इंधन कमी पडतंय. कोड लगेच पुसू नका. आधी फ्रीझ फ्रेम वाचा, त्यात कोड आला तेव्हाचा आरपीएम, वेग आणि भार नोंदलेला असतो. तुमच्या चाचणीतले आकडे त्याच्याशी जुळतात का ते पाहा.

समजा पी ०३०२ आला. नवी कॉइल विकत घेण्याआधी दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावा आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसून पुन्हा तोच चढ चढा. आता पी ०३०३ आला तर कॉइल गेली, विषय संपला. पी ०३०२ च राहिला तर प्लग अदलाबदल करा. तरीही तिथेच असेल तर इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन. चारही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. कॉइल काढताना इंजिन बंद, चावी बाहेर. चालू इंजिनवर कॉइल उपसून बघण्याची जुनी सवय सोडा. तिथला दाब हजारो व्होल्टचा असतो, आणि त्या धक्क्याने ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणकही जाऊ शकतो.

भार आल्यावरच मिसिंग का होतं? रेस दिली की सिलिंडरमध्ये जास्त हवा जाते, ठिणगी पडते त्या क्षणी दाब वाढलेला असतो, आणि दाट मिश्रणातून उडी मारायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल अशक्त असेल, प्लगची गॅप झिजून वाढलेली असेल किंवा कॉइल प्लगवर बसते तिथल्या रबरी बूटला बारीक चीर असेल तर ठिणगी सोपी वाट धरते आणि बाहेरूनच हेडला उतरते. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरून खाली गेलेली काळपट रेघ दिसली तर हेच घडतंय. तेव्हा प्लगसोबत बूटही बदला. नुसता प्लग बदलला तर बूटमधली जळकी रेघ नव्या प्लगवर पुन्हा वाट काढते, आणि महिन्याभरात तक्रार परत.

सीएनजीला पेट्रोलपेक्षाही जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून सीएनजीवर थरथरते आणि पेट्रोलवर टाकली की शांत, अशी तक्रार आली तर पहिला संशय प्लग आणि कॉइलवर घ्या, गॅसचा दाब कमी करणाऱ्या रिड्यूसरवर नंतर. सीएनजी गाडीत गॅप थोडी कमी ठेवतात, बहुतेक ०.७ ते ०.८ मिलिमीटर. तुमच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. साधे निकेलचे प्लग सीएनजीवर १५ ते २० हजार किलोमीटरला बदलावेत. त्यानंतर सीएनजीचा फिल्टर बघा. तो तेलकट काळा झाला असेल तर भाराखाली गॅसचा दाब पडतो.

प्लगच्या विहिरीत ऑइल साचलेलं दिसलं तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट आणि प्लग ट्यूबचं सील बदलल्याशिवाय नवी कॉइल लावू नका. ऑइलमध्ये रबर फुगतं आणि मऊ पडतं. प्लग थंड इंजिनवरच काढा, आधी हवा मारून विहिरीतली धूळ साफ करा. कसताना आधी हाताने, शेवटी टॉर्क पाना. १४ मिलिमीटर आट्यांच्या प्लगला साधारण २५ न्यूटन मीटर, १२ मिलिमीटरला १५ ते २०. अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की हेड खोलावं लागतं.

डिझेलमध्ये कॉइल नाही, त्यामुळे शोध वेगळा. फिल्टरच्या तळाचा नळ सोडून पाणी काढा. टर्बो ते इंटरकूलर ते इंजिन या हवेच्या पायपांना हात लावून पाहा. चीर असेल तर रेस दिल्यावर फुस्स असा आवाज आणि काळा धूर येतो. मग ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारा), आणि त्यानंतर इंजेक्टरची रिटर्न चाचणी. चार इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन चालवलं की ज्याची बाटली बाकीच्यांच्या कितीतरी आधी भरते तो गळतोय.

आतला जॉइंट: सगळ्यात जास्त वेळा हुकणारं निदान

फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी, ३० ते ८० च्या दरम्यान रेस देताना सीट आणि फ्लोअर थरथरतात, पाय उचलताच दुसऱ्या क्षणी शांत, दिवा नाही, कोड नाही, इंजिनची ओढ पूर्ण. ही खूण इतकी स्पष्ट आहे की बाकी काही करण्याआधी ड्राइव्ह शाफ्टकडे जावं. अनेक मिस्त्री त्याला अ‍ॅक्सल म्हणतात, शब्दावरून घोटाळा होऊ देऊ नका.

प्रत्येक शाफ्टला दोन जॉइंट. चाकाकडचा बाहेरचा जॉइंट गेला की वळताना कट-कट वाजतं. गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट वाजत नाही, थरथरवतो. त्याच्या कपाच्या आत तीन खाचा, आणि त्या खाचांतून तीन रोलर पुढे-मागे सरकतात. सततच्या भाराने रोलर जिथे टेकतात तिथे खळगे पडतात. रेस दिली की रोलर त्या खळग्यात अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो, आणि शाफ्ट गिअरबॉक्सला आडवे धक्के देतो. पाय उचलला की भार खाचेच्या दुसऱ्या, न झिजलेल्या बाजूला जातो. म्हणून क्षणात शांत.

हा दोष हाताने हलवून सापडेलच असं नाही. गाडी वर उचलून चाकं लोंबकळत असताना शाफ्ट हलवून ‘प्ले नाही, शाफ्ट ठीक आहे’ असं सांगितलं जातं, पण तेव्हा रोलर खळग्यापासून दूर सरकलेले असतात. शाफ्ट आत-बाहेर थोडा सरकणं तर नैसर्गिकच आहे. खात्री करायची तर आतल्या जॉइंटवरच्या रबरी बूटची मोठी क्लिप काढा, बूट मागे सारा, ग्रीस पुसा आणि खाचेवरून नख फिरवा. नख अडकलं तर कप आणि ट्रायपॉड दोन्ही गेले.

इथेच एक फसवा उपाय केला जातो: नवं ग्रीस भरायचं. थरथर खरंच कमी होते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि काही शे किलोमीटरनंतर परत येतं. ग्रीसने खळगा भरून निघत नाही. उलट असं घडलं असेल तर निदान पक्कं झालं असं समजा.

झीज लवकर होण्याची कारणंही शोधा, नाहीतर नवा जॉइंटही तसाच जाईल. फाटलेला बूट हे पहिलं: पावसाळ्यात चिखल आत जातो आणि ग्रीस वाळूच्या लेपासारखं काम करू लागतं. दुसरं म्हणजे गाडी उंच करण्यासाठी स्प्रिंगमध्ये घातलेले रबरी बफर किंवा स्पेसर. उंची वाढली की शाफ्टचा कोन वाढतो आणि ट्रायपॉड मोठ्या कोनात चालण्यासाठी बनलेलाच नाही. मागे माणसं आणि सामान भरल्यावर थरथर वाढते तीही याचमुळे, गाडीचं तोंड वर उचललं जातं. स्पेसर काढून एकदा चालवून पाहा. कधीकधी तेवढ्यानेच प्रश्न मिटतो. तिसरं कारण इंजिन माउंटिंग, त्याबद्दल पुढे.

शाफ्ट काढताना गाडी जॅकवर नाही, घोडीवर टेकवा. हबनट चाक जमिनीवर आणि ब्रेक दाबलेला असताना ढिला करा. गिअरबॉक्सचं ऑइल आधी काढून घ्या, छोट्या गाड्यांत ते साधारण दोन ते अडीच लिटर असतं. लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवून हब बाहेर ओढा, आणि आतला कप गिअरबॉक्सपासून पहारीने हलकेच उचकटा. शाफ्ट धरून ओढायचा नाही, जॉइंट आतल्या आत सुटतो. कप निघालाच आहे तर गिअरबॉक्सचं ऑइल सील आणि सरक्लिप नवीन घाला. ग्रीस किटमध्ये आलेलं, तेवढंच आणि सगळं. चेसीसचं पिवळं ग्रीस इथे चालत नाही. बूट बसवल्यावर क्लिप कसण्याआधी त्यातली हवा सोडा, नाहीतर तो फुगतो किंवा पिचकतो. हबनट नवा, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, आणि कॉलर खाचेत ठोकून बंद.

जुना कप घासून नवा ट्रायपॉड घातलेले ‘रिपेअर’ शाफ्ट मिळतात. घेऊ नका. खाच घासली की रोलरभोवती मोकळी जागा राहते आणि नवी थरथर सुरू होते.

माउंटिंग आणि क्लच

इंजिन फाउंडेशनची, म्हणजे माउंटिंगची चाचणी दोन माणसांची. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, फूटब्रेक दाबून ठेवा. पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्ध्यावर आणून इंजिनला क्षणभर ताण द्या, मग रिव्हर्समध्ये तसंच. बघणाऱ्याने बाजूला उभं राहायचं, गाडीच्या पुढे किंवा मागे नाही. इंजिन थोडं झुकणारच. पण उसळून ढप्प असा आवाज आला तर खालचा रोल रॉड (इंजिनला झुकण्यापासून रोखणारा दांडा) किंवा त्याचं बुश फाटलेलं आहे. उजवीकडचं माउंटिंग बऱ्याच गाड्यांत तेल भरलेलं असतं. त्याच्याखाली काळा ओघळ दिसला तर ते रिकामं झालं.

फाटलेलं माउंटिंग दोन वेगळ्या बिघाडांचं सोंग घेतं. इंजिन खाली बसलं की शाफ्टचा कोन बदलतो आणि चांगला जॉइंटही थरथरतो. आणि इंजिन झुकल्यावर एअर फिल्टरपासून येणारा रबरी पाइप ताणला जातो. त्याला चीर असेल तर ती फक्त रेस दिल्यावरच उघडते, आत न मोजलेली हवा जाते आणि पी ०१७१ येतो. उभ्या गाडीत काहीच सापडत नाही. म्हणून तो पाइप हाताने वाकवून, घडीच्या आत बोट घालून तपासा.

नवं माउंटिंग घातल्यावरही थरथर असेल तर बहुधा बोल्ट इंजिन तिरकं असताना कसलेले असतात. सगळे बोल्ट ढिले करा, इंजिन सुरू करून काही सेकंद चालू द्या, बंद करून मग कसा. रबर पिळलेलं राहत नाही.

क्लचची थरथर ओळखायला सोपी. फक्त गाडी सुटताना, शून्य ते १५ च्या वेगात, आणि क्लच पूर्ण सुटला की नाहीशी. रिव्हर्समध्ये चढावर सगळ्यात स्पष्ट. प्लेटवर ऑइल उतरलेलं असतं, किंवा फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळे डाग पडून पृष्ठभाग असमान झालेला असतो. क्रँकचं मागचं सील न बदलता नवा क्लच सेट घातला तर काही महिन्यांत परत गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

ऑटोमॅटिक गाडीत ५० ते ८० च्या वेगात हलक्या रेसवर, रस्त्यावरच्या गतिरोधक पट्ट्यांवरून गेल्यासारखं वाटत असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच घसरतोय. मागे वाहन नसताना रेस तशीच धरून डाव्या पायाने ब्रेकला हलका स्पर्श करा. लॉक-अप सुटतो आणि थरथर थांबते. पहिला उपाय ऑइल बदलणं, आणि ते कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं. सीव्हीटीमध्ये (पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये) साधं एटीएफ, म्हणजे नेहमीचं ऑटोमॅटिकचं ऑइल घालणं म्हणजे गिअरबॉक्सची वाट लावणं.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या

बोलेरो, इको, स्कॉर्पिओ, जुनी सुमो यांत संशय प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणाऱ्या लांब दांड्यावर. तो चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतो, त्यामुळे थरथर बारीक आणि वेगवान. चाकांना अडण्या लावून, गिअर न्यूट्रलला ठेवून शाफ्ट हाताने पिळून पाहा. शाफ्टच्या टोकाच्या क्रॉसच्या (अधिक चिन्हासारख्या जोडाच्या) टोपीभोवती गंजाची लालसर भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडल्या आहेत. दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये मधल्या बेअरिंगचं रबर फाटतं, आणि तेव्हा थरथर नेमकी गाडी सुटताना येते. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर आणि मधल्या सरकत्या जोडावर पंचने खुणा करा. क्रॉस बदलल्यानंतर उलट नवीच थरथर सुरू झाली असेल, तर शाफ्ट अर्धा फेरा चुकवून जोडलेला असण्याची शक्यता सगळ्यात आधी तपासा.

चाकांबद्दल थोडक्यात

थरथर रेस सोडल्यावरही राहते, ८० ते १०० ला स्टीअरिंगमध्ये येते, तर चाकं. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल असेल तर आधी तो धुवा. पावसाळ्यात कोकणातून आलेल्या गाडीत कित्येकदा एवढंच असतं. पुढची चाकं मागे घालून पाहा. थरथर स्टीअरिंगमधून सीटखाली गेली तर दोष त्या चाकांतच आहे. बॅलन्सिंग होऊनही फरक नसेल तर मशिनवर फिरताना रिमची कड आणि टायरचा फुगवटा डोळ्यांनी बघा. वाकडी रिम वजनं लावून बॅलन्स होते, पण गोल होत नाही. अलाइनमेंटने थरथर जात नाही, गाडी एका बाजूला ओढणं आणि टायरची एकतर्फी झीज जाते.

शाफ्टचं काम झाल्यावर ५०० किलोमीटरनंतर गाडी पुन्हा एकदा वर घ्या. बूटच्या क्लिपपाशी ग्रीस उडालंय का, गिअरबॉक्सच्या सीलपाशी ओल आहे का, ऑइलची पातळी भरण्याच्या बोल्टच्या काठापर्यंत आहे का, आणि चाकांचे नट टॉर्क पान्याने परत तपासले का, एवढं बघून घ्या.